बल शून्य म्हणजे वेग शून्य नव्हे: खोका, लिफ्ट आणि दोन आलेख

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मुलीचा गतीचा धडा घेताना एका गणितावर गाडी अडली. लिफ्ट एकसमान वेगाने वर चालली आहे, तर केबलमधला ताण लिफ्टच्या वजनापेक्षा जास्त, कमी की तेवढाच? उत्तर दिलंय 'तेवढाच'. मुलगी म्हणते, तेवढाच असेल तर लिफ्ट वर जाईलच कशी? शिवाय त्याच लिफ्टचा एक आलेख आडवा आणि दुसरा तिरका का, हेही तिला पटत नाहीये.

तिची शंका अगदी रास्त आहे. ढकलत राहिलं तरच वस्तू चालते हे ॲरिस्टॉटलचं मत जवळजवळ दोन हजार वर्षं टिकलं, कारण रोजच्या अनुभवाला ते पटतं. माझ्या मते तिचा गोंधळ वाढवण्यात पाठ्यपुस्तकांतल्या त्या ठरलेल्या उदाहरणाचाही वाटा आहे: टेबलावर ठेवलेलं पुस्तक, खाली गुरुत्वबल, वर टेबलाचं बल, दोन्ही समान, म्हणून बलं संतुलित. उदाहरण बरोबर आहे, पण मुलांच्या डोक्यात 'संतुलित म्हणजे स्थिर' हे समीकरण पक्कं बसतं आणि मग ते काढता काढता नाकी नऊ येतात. संतुलित बलांचं पहिलं उदाहरण चालत्या वस्तूचंच द्यावं, या मताचा मी आहे.

म्हणून लिफ्ट जरा बाजूला ठेवून एक जड खोका घेऊ. वस्तुमान ३० किलो, फरशीवर ठेवलेला. तुम्ही ५० न्यूटन बलाने ढकललं, हलला नाही. म्हणजे घर्षणही ५० न्यूटन. १२० ने ढकललं, तरी ढिम्म. आता घर्षण १२०. स्थितिक घर्षण असं तुमच्या बलाइतकंच वाढत जातं, पण त्याला मर्यादा असते. समजा ती १८० न्यूटन आहे. १८० च्या किंचित वर गेलात की खोका सुटतो, आणि सुटल्याबरोबर घर्षण कमी होतं, समजा १५० वर येतं. तुम्ही अजून १८० नेच ढकलताय, म्हणजे ३० न्यूटन जास्तीचे. हे असंतुलित बल. ३० भागिले ३० किलो, म्हणजे त्वरण (वेग दर सेकंदाला किती बदलतो ते) १ मीटर प्रति सेकंद वर्ग. एका सेकंदात वेग १ मीटर प्रति सेकंद झाला. आता तुम्ही जोर १५० वर आणलात. निव्वळ बल शून्य. खोका थांबला का? नाही. तो त्याच १ मीटर प्रति सेकंदाने सरकत राहतो. तुमचे १५० न्यूटन त्याला 'चालवण्यात' जात नाहीत, ते फक्त घर्षणाची फिट्टंफाट करतात.

आता हात काढा. निव्वळ बल १५० न्यूटन, उलट दिशेने. त्वरण उणे ५. खोका ०.२ सेकंदात थांबतो, तोही जेमतेम १० सेंटिमीटर सरकून. मेख इथे आहे. ०.२ सेकंद म्हणजे डोळ्याला 'हात काढला आणि थांबला' असंच दिसतं. बल गेलं म्हणून गती गेली, असं वाटायला लागतं. प्रत्यक्षात बल गेलेलं नाही, उलट आत्ताच ते असंतुलित झालंय. हाच खोका गुळगुळीत बर्फावर असता आणि घर्षण ३ न्यूटनच असतं, तर त्वरण उणे ०.१ आलं असतं, थांबायला १० सेकंद लागले असते आणि खोका ५ मीटर गेला असता. घर्षण जितकं कमी, तितका तो लांब जाणार. गॅलिलिओने उतारांवरून गोळे सोडून याच वाटेने विचार केला: घर्षण पार काढून टाकलं तर थांबायचं कारणच उरत नाही. १९७७ मध्ये सोडलेलं व्हॉयेजर १ हे यान आजही सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर वेगाने दूर चाललंय, तेही इंजिनाने ढकलल्याशिवाय. (सूर्य त्याला अजून किंचित मागे ओढतोच, त्यामुळे वेग अगदी हळूहळू कमी होतोय.)

आता लिफ्टकडे. मुलीला केबलपेक्षा वजनकाटा लवकर कळेल, म्हणून ६० किलोच्या माणसाला लिफ्टमध्ये काट्यावर उभं करू. लिफ्ट थांबलेल्या अवस्थेतून २ सेकंदांत २ मीटर प्रति सेकंद वेग घेते, पुढे ८ सेकंद त्याच वेगाने वर जाते आणि शेवटच्या २ सेकंदांत थांबते. गुरुत्वत्वरण ९.८ धरा.

पहिल्या २ सेकंदांत त्वरण १, वरच्या दिशेने. काट्याने माणसाला वर ढकलायचं बल ६० गुणिले १०.८, म्हणजे ६४८ न्यूटन. काट्यावर आकडा दिसेल ६६.१ किलो. मधल्या ८ सेकंदांत बल ५८८ न्यूटन, काट्यावर बरोबर ६०, अगदी थांबलेल्या लिफ्टमध्ये दिसतो तसा. शेवटच्या २ सेकंदांत त्वरण उणे १, बल ५२८ न्यूटन, काटा ५३.९ किलो. केबलची गोष्टही हीच. मुलीच्या प्रश्नाचं उत्तर पहिल्या २ सेकंदांत आहे: तेवढा वेळ ताण वजनापेक्षा जास्त होता, त्यातून वेग मिळाला, आणि एकदा मिळालेला वेग टिकवायला जास्तीचं बल लागत नाही. तिला 'लिफ्ट वर का जातेय' असं विचारू नका, 'वेग कधी बदलला' असं विचारा.

याचा वेग-काल आलेख काढायला लावा. ० ते २ सेकंद चढती रेघ, २ ते १० आडवी रेघ, १० ते १२ उतरती रेघ. काट्याचे आकडे त्याच्या शेजारी लिहा: ६६.१, ६०, ५३.९. चढाला जास्त, आडव्याला तेवढाच, उताराला कमी. वेग-काल आलेखात रेघ किती उंचीवर आहे त्याचा बलाशी संबंध नाही, रेघेचा चढ किती त्याचा आहे. चढ म्हणजे त्वरण, आणि त्वरणाला वस्तुमानाने गुणलं की निव्वळ बल. हे एवढं डोक्यात बसलं की अर्धा धडा सुटतो.

खाली येणारी लिफ्टही करून बघा, तिथे खरी गंमत आहे. वरची दिशा धन धरली तर खाली जाताना वेग ० वरून उणे २ होतो, चढ ऋण, म्हणून निघताना काटा ५३.९ दाखवतो. तळाशी थांबताना वेग उणे २ वरून ० वर येतो, चढ धन, काटा ६६.१. म्हणजे वर जायला निघालेली लिफ्ट आणि खाली येऊन थांबणारी लिफ्ट यांतला फरक काट्याला कळतच नाही. डोळे मिटून उभं राहिलात तर पायांनाही कळत नाही.

आता दुसरा आलेख, अंतर-काल. पहिल्या २ सेकंदांत लिफ्ट २ मीटर जाते आणि रेघ वरच्या बाजूला वळत जाते. पुढे ८ सेकंद सरळ तिरकी रेघ, १८ मीटरपर्यंत. शेवटच्या २ सेकंदांत रेघ चपटी होत २० मीटरवर आडवी. इथे चढ म्हणजे वेग. त्यामुळे मधले ८ सेकंद एका आलेखात आडवे आणि दुसऱ्यात तिरके दिसतात, यात विरोध काहीच नाही, दोन्ही रेघा 'वेग २, बदल नाही' हेच सांगतात. अंतर-काल आलेखात आडवी रेघ असो की सरळ तिरकी, बलं संतुलितच. रेघ वाकली की असंतुलित. हे २० मीटर वेग-काल आलेखाखालच्या क्षेत्रफळातूनही येतात: समलंब चौकोन, समांतर बाजू १२ आणि ८, उंची २, निम्मं केलं की २०. वेगाच्या आकृतीचं क्षेत्रफळ म्हणजे अंतर, हे १४ व्या शतकात फ्रान्समधल्या निकोल ओरेमने दाखवलं होतं, न्यूटनच्या तीनशे वर्षं आधी. मुलांना सूत्रं पाठ करायला लावण्याआधी ही आकृती दाखवली तर सूत्रं त्यांची त्यांनाच काढता येतात.

एक सवय मात्र आत्ताच लावा: आलेख समोर आला की आधी उभ्या अक्षावर काय लिहिलंय ते वाचायचं. रेघ बघून उत्तर द्यायला धावणारी मुलं इथेच मार खातात. तशीच दुसरी चूक म्हणजे आलेखाला रस्त्याचं चित्र समजणं. रेघ वर गेली की गाडी घाट चढतेय, खाली आली की उतरतेय. आलेखात रस्ता नसतोच, आडव्या अक्षावर वेळ आहे. म्हणून अंतर-काल आलेखात उभी रेघही अशक्य, कारण त्याचा अर्थ वेळ न घालवता अंतर कापलं. अंतराची रेघ कधी खाली येत नाही, विस्थापनाची (निघालेल्या जागेपासून सरळ, दिशेसह मोजलेल्या अंतराची) येऊ शकते.

लिफ्ट जमली की चेंडू घ्या, कारण तिथे भलेभले फसतात. चेंडू २० मीटर प्रति सेकंद वेगाने सरळ वर फेकला, गुरुत्वत्वरण सोयीसाठी १०, हवेचा विरोध सोडून द्या. २ सेकंदांनी तो सर्वांत वर, वेग शून्य. त्या क्षणी त्याच्यावरची बलं संतुलित का? बहुतेक मुलं 'हो' म्हणतात. वेग-काल आलेख काढा: अधिक २० पासून निघालेली एकच सरळ रेघ, २ सेकंदांवर अक्ष ओलांडते आणि ४ सेकंदांवर उणे २० ला पोचते. शून्य ओलांडताना ती मोडत नाही, आडवी होत नाही, चढ सगळीकडे उणे १०. बल पूर्ण वेळ तेवढंच आणि खालीच. वर गेल्यावर बलं खरोखर संतुलित झाली असती, तर चेंडू तिथेच लटकून राहिला असता.

पॅराशूटचंही असंच. छत्री उघडताच हवेचा विरोध वजनापेक्षा कितीतरी जास्त होतो, निव्वळ बल वरच्या दिशेने, पण माणूस वर जात नाही, फक्त त्याचा खाली पडायचा वेग घटतो. चित्रफितींत तो वर उडाल्यासारखा दिसतो, कारण कॅमेरा धरणारा अजून त्याच्या खाली जोरात पडत असतो.

चाल आणि वेग यांतला फरकही इथेच दाखवा, नाहीतर तो व्याख्येपुरता उरतो. चंद्र पृथ्वीभोवती सेकंदाला साधारण १ किलोमीटर चालीने फिरतो. त्याचा चाल-काल आलेख जवळपास आडवा येईल. पण बल संतुलित नाही, पृथ्वी त्याला सतत ओढतेय. चाल बदलत नाही, दिशा बदलते, आणि दिशा बदलली की वेग बदलला. चाल-काल आलेखात हे दिसत नाही. 'आडवी रेघ म्हणजे बल शून्य' हे म्हणायला गती सरळ रेषेत हवी.

मुलगी कधीतरी हेही विचारेल: क्रिया आणि प्रतिक्रिया समान आणि विरुद्ध असतात, मग सगळीच बलं संतुलित नाहीत का? नाहीत, कारण ती दोन वेगवेगळ्या वस्तूंवर लागतात. तुम्ही खोक्याला ढकलता आणि खोका तुम्हाला, ही जोडी. खोक्याचा हिशेब करताना फक्त खोक्यावरची बलं धरायची. टेबलावरच्या पुस्तकाचं वजन आणि टेबलाचं वरचं बल समान असली तरी ती क्रिया-प्रतिक्रियेची जोडी नव्हे, दोन्ही एकाच पुस्तकावर लागतात. वजनाची खरी जोडी म्हणजे पुस्तकाने पृथ्वीला वर ओढणं. एकच वस्तू निवडा, कागदावर ठिपका काढा, त्या वस्तूवरचीच बलं बाणांनी दाखवा. गणित त्यानंतर.

सरावाला एक गणित देतो. १,००० किलोची गाडी सपाट सरळ रस्त्यावर २० मीटर प्रति सेकंद वेगाने एकसमान चालली आहे, इंजिनामुळे पुढे मिळणारं बल ६०० न्यूटन. चालकाने इंजिनाचं बल बंद करून ब्रेक लावले, गाडी एकसारखी मंदावत ४ सेकंदांत थांबली. हवेचा आणि रस्त्याचा विरोध तेवढाच राहिला असं धरून ब्रेकचं बल काढा, थांबेपर्यंतचं अंतर काढा आणि ब्रेक लागण्याआधीच्या ५ सेकंदांसह वेग-काल आलेख काढा. अंतर ४० मीटर येतं, ते ती क्षेत्रफळावरून काढेलच. ब्रेकचं बल मात्र बहुधा ५,००० न्यूटन लिहील. तसं झालं तर उत्तर लगेच खोडू नका. आधीच्या ५ सेकंदांत इंजिनाचे ६०० न्यूटन कोणाशी बरोबरी करत होते ते विचारा, आणि ब्रेक लागल्यावर ते विरोधी बल कुठे गेलं तेही. ४,४०० वर ती आपणहून येईल.