वाचकांचे प्रश्न : रॅपला ‘पाश्चात्त्य पोवाडा’ म्हणावे काय?

प्रश्न : आमच्या गावच्या वाचनालयाच्या वार्षिक अंकासाठी मी हिप-हॉपवर लेख लिहिला असून त्यात रॅपला ‘पाश्चात्त्य पोवाडा’ म्हटले आहे. माझा पुतण्या स्वतः मराठी-कन्नड मिसळून रॅप करतो. त्याच्या दोन ओळीही मी लेखात दिल्या आहेत. तरीही लेख वाचून तो म्हणाला, ‘काका, तुमी ऐकलासा कुठं? नुसतं वाचूनच लिव्हलासा की.’ माझे नेमके कोठे चुकले?
– एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर : पुतण्याचे बोलणे थोडे उद्धट असले तरी खोटे नाही. सोबत पाठवलेला आपला लेख आम्ही वाचला. त्यात दारिद्र्य, बंडखोरी आणि तरुणांचा आक्रोश वारंवार येतो. ठेका मात्र एकदाही येत नाही.

हिप-हॉप हे केवळ गाण्याच्या प्रकाराचे नाव नव्हे. तबकड्या वाजवणारा डीजे, माइकवर बोलणारा एमसी, ब्रेकिंग हा नाच आणि भिंतीवरची ग्राफिटी अशा चौघांची ती संस्कृती आहे, आणि तिची सुरुवात शब्दांपासून झालेली नाही. ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातील एका इमारतीत सिंडी कॅम्पबेल या मुलीने शाळेसाठी नवे कपडे घेता यावेत म्हणून तिकीट लावून नाचगाण्याचा कार्यक्रम ठेवला. तबकड्या वाजवायला होता जमैकात जन्मलेला तिचा भाऊ क्लाइव्ह, म्हणजेच डीजे कूल हर्क. गाणारे थांबतात आणि नुसता ताल वाजतो, त्या तुकड्यावर मुले सर्वांत रंगून नाचतात, हे त्याने हेरले होते. पुढे एकाच गाण्याच्या दोन तबकड्या शेजारी ठेवून, एकीवरचा तुकडा संपताच दुसरीवर तोच सुरू करायचा, या युक्तीने तो काही सेकंदांचा ताल हवा तेवढा लांबवू लागला. माइकवरचे बोल, म्हणजेच रॅप, त्या तालावर वाढत गेले, आणि रॅपची पहिली मोठी गाजलेली तबकडी निघायला १९७९ साल उजाडले. २०१८ साली अमेरिकी रॅपर केंड्रिक लामार यांच्या अल्बमला पुलित्झर पारितोषिक मिळाले, तेही संगीतासाठी, कवितेसाठी नव्हे.

आता पुतण्याच्या ओळी पाहू. ‘बस सुटली, छत्री तुटली, पावसात चिंब खानापूर, घर आहे जवळ माझं, पण मी घरापासून दूर.’ आपण यावर ‘साधी यमके’ एवढाच शेरा मारला आहे. टेबलावर बोटाने चार ठोके देत त्या म्हणून पाहा. ‘सुटली’ पहिल्या ठोक्याला आणि ‘तुटली’ दुसऱ्याला पडते, म्हणजे ओळ अर्ध्यावर येण्याआधीच एक जुळणी पूर्ण होते; मग ‘खानापूर’ आणि ‘दूर’ दोन्हीकडे चौथ्या ठोक्याला येऊन थांबतात. ‘घरापासून’ हा शब्द मात्र मधोमध तुटतो, कारण तिसरा ठोका ‘घरा’पाशी पडतो आणि ‘पासून’ चौथ्या ठोक्याकडे, ‘दूर’कडे, ओढला जातो. घरच तुटल्यासारखे वाटते ते यामुळे. असे एखादे निरीक्षण लेखात असते, तर पुतण्या काही बोलला नसता.

पोवाड्याची तुलना टाकून द्यावी असे नाही, पण ती जेथे लागू पडते तेथेच करावी. पोवाड्यात शाहीर बहुधा दुसऱ्याचा पराक्रम गातो. रॅपर मात्र ‘मी’ म्हणून उभा राहतो, आणि त्याची आत्मप्रौढी हा स्वभावदोष नसून त्या प्रकाराचा रिवाज आहे. दोन रॅपर समोरासमोर येऊन एकमेकांना निरुत्तर करतात, त्या बॅटलला पोवाड्यापेक्षा कलगी-तुऱ्याचे सवाल-जवाब जवळचे. आपण तर सीमाभागात राहता. कन्नड गीगी पदेही आपल्या कानांवरून गेली असतील, आणि त्या लोकगीतप्रकाराला नावच मुळी मागच्या साथीदारांच्या ‘गी गी’ या पालुपदावरून मिळाले आहे.

पुतण्याचे मित्र प्रत्येक ओळीअखेर ‘हौदु, हौदु’ म्हणतात, असे आपण कंसात लिहून पुढे ‘अर्थ : होय’ अशी टीप दिली आहे. तो शब्द कंसातून बाहेर काढावा आणि टीप गाळावी. झीलकऱ्यांच्या ‘जी जी’चा अर्थ आपण कधी टिपेत देत नाही. आणि लेख पुन्हा लिहायला बसण्यापूर्वी त्याच्या एका कार्यक्रमाला जाऊन शेवटच्या नव्हे, पुढच्या रांगेत बसावे.