केनियात पुढची निवडणूक कधी आहे आणि राष्ट्राध्यक्ष कसा निवडतात?
१० ऑगस्ट २०२७, मंगळवार. तारीख तिथे संविधानातच ठरलेली आहे, दर पाच वर्षांनी ऑगस्टचा दुसरा मंगळवार. राष्ट्राध्यक्ष व्हायला नुसतं ५०% च्या वर जाऊन भागत नाही, ४७ पैकी निदान २४ काउंटींत (आपल्या जिल्ह्यांसारखे विभाग) २५% मतं पण लागतात, नाहीतर पहिल्या दोघांत परत मतदान. मला सगळ्यात भारी वाटतं ते फॉर्म ३४ए, मोजणी मतदान केंद्रावरच होते, आकडे त्या फॉर्मवर लिहितात आणि २०२२ ला त्याचे फोटो सरळ वेबसाइटवर टाकले होते, कुणीही बेरीज करून बघावी. विल्यम रुटो तेव्हा ५०.४९% वर निसटते जिंकून राष्ट्राध्यक्ष झाले. यावेळी तेव्हा त्यांच्याविरुद्ध हरलेले रायला ओडिंगा नाहीत (२०२५ मध्ये केरळात वारले), त्यामुळे त्यांची मतं कुठे जातात आणि २०२४ ला टॅक्सविरोधात रस्त्यावर उतरलेली पोरं मतदार यादीत किती येतात, खरी लढत तिथेच आहे असं मला वाटतं.