मुलाचे हाऊस बदलून मागावे का?

प्रश्न : आम्ही जूनमध्ये म्हसवडहून साताऱ्यास राहावयास आलो. मुलगा सहावीत आहे. त्याच्या शाळेत मुलांचे चार गट, म्हणजे हाऊस, असून त्याला निळ्या हाऊसमध्ये घातले आहे. क्रीडास्पर्धेत रिलेच्या वेळी त्याच्या हातून बॅटन पडले आणि हाऊसचा क्रमांक हुकला. तेव्हापासून ‘माझ्यामुळे सगळ्यांचे गुण गेले’ असे तो सारखे म्हणतो, आणि हाऊसचे कार्यक्रम असतात त्या शनिवारी सकाळी त्याच्या पोटात दुखू लागते. हाऊसमुळे मुलांना शाळा आपली वाटते, असे पालकसभेत सांगण्यात आले होते. ते खरे आहे का? मी त्याचे हाऊस बदलून मागू का?
— एक आई, सातारा

उत्तर : ताई, हाऊस बदलण्याची घाई तूर्त करू नये. टी-शर्टाचा रंग बदलेल; परंतु त्या हाऊसमध्ये आपल्या मुलाला नावाने ओळखणारे कोण आहे, हा प्रश्न नव्या हाऊसमध्येही तसाच उरेल.

शाळेचे म्हणणे खोटे नाही, मात्र ते एका अटीवर खरे आहे. ही पद्धत इंग्लंडमधील निवासी शाळांतून आली. तेथे हाऊस म्हणजे मुलांचे प्रत्यक्ष राहण्याचे घर असे, आणि त्यांचे आजारपण, घरची आठवण, आपसांतील भांडणे या सर्वांकडे पाहणारी एक जबाबदार वडीलधारी व्यक्ती त्या घरात असे. आपल्याकडील नवोदय विद्यालयांत अरवली, निलगिरी, शिवालिक आणि उदयगिरी अशी हाऊस असतात. तीही निवासी असल्याने सहावीत घर सोडून आलेल्या मुलाच्या दिनक्रमात हाऊसला खरोखर स्थान असते. दिवसाच्या शाळांनी मात्र या पद्धतीतून रंग, कॅप्टन आणि गुणफलक तेवढे उचलले. मुलाची रोजची विचारपूस बहुतेक ठिकाणी मागेच राहिली.

सातारकरांना तर याहून जवळचे उदाहरण ठाऊक आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 1924 मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केले आणि 1927 मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे ‘छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण झाले. निरनिराळ्या जातींची मुले तेथे एकत्र राहत, एका पंगतीत जेवत आणि कामेही मिळून करीत. खेड्यातून आलेल्या मुलाला आपण येथले आहोत असे वाटावे, यासाठी त्याच्या वाट्याला एखादे काम येणे हे पदक मिळण्यापेक्षा अधिक उपयोगाचे असते, असे माझे मत आहे.

गुणांच्या चढाओढीविषयी थोडे विस्ताराने सांगणे भाग आहे. मुझफ्फर शेरीफ या मानसशास्त्रज्ञांनी 1954 मध्ये अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यात एका उन्हाळी शिबिरात, साधारणपणे आपल्या मुलाच्याच वयाच्या मुलांचे दोन गट केले. बक्षिसांसाठी सामने सुरू होताच त्या गटांत शिवीगाळ आणि एकमेकांच्या खोल्यांवर हल्ले सुरू झाले. नुसते एकत्र जेवायला बसवून वैर कमी झाले नाही. पाणीपुरवठा बंद पडला, तो दोन्ही गटांना मिळून सुरू करावा लागला, अशा कामांतून ते ओसरू लागले. या प्रयोगाच्या पद्धतीवर पुढे टीकाही झाली, तरीही केवळ स्पर्धेवर उभ्या केलेल्या हाऊसचे काय होऊ शकते, हे त्यातून दिसते. एका मुलाला उशीर झाला म्हणून सबंध हाऊसचे गुण कापण्याची जी रीत काही शाळांत आहे, ती तर मला सरळ अन्यायाची वाटते, कारण त्या मुलाला रागावण्याचे काम मग शिक्षकांऐवजी त्याचे सोबतीच करू लागतात.

म्हणून आपण हाऊसच्या शिक्षकांना भेटावे आणि मुलाशी आठवड्यातून एकदा तरी स्वतंत्रपणे बोलण्याची त्यांना विनंती करावी. आठवी-नववीतला एखादा समजूतदार मुलगा त्याच्या सोबतीस देता येईल का, तेही विचारावे. वरच्या वर्गातील मुलाने मैदानावर नावाने हाक मारली, तरी सहावीतल्या मुलाला मोठा आधार वाटतो. परिपाठात बातम्या वाचणे, फळालेखन, खेळाचे साहित्य सांभाळणे असे, हाऊसच्या गुणांशी संबंध नसलेले एखादे काम त्याच्याकडे नेमाने यावे. घरी हाऊसच्या क्रमांकाची चौकशी करू नये. डबा कोणाबरोबर खाल्ला, हे विचारले तर अधिक कळेल.

पोटदुखीला बहाणा समजू नये. आधी डॉक्टरांना दाखवावे. झोप किंवा भूक कमी झाली असेल, अथवा तो शाळाच टाळू लागला असेल, तर समुपदेशकांचा सल्ला घ्यावा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर तो विनाशुल्क मिळतो. बॅटन पडल्यावर नेमके कोण काय बोलले, हे त्याला एकांतात, घाई न करता विचारावे. कोणी त्याला सातत्याने चिडवत किंवा धमकावत असेल आणि सांगूनही शिक्षकांकडून ते थांबत नसेल, तर मात्र मुख्याध्यापकांकडे लेखी तक्रार करावी, आणि तेव्हा हाऊस बदलून मागण्यातही संकोच करू नये.