भौतिकशास्त्रात पदवी घेतली तर शेवटी शिक्षकच व्हावं लागतं का?

तुमच्या प्रश्नातल्या त्या ‘च’मुळे लिहायला बसले. भौतिकशास्त्र घेतलं तर पुढे ‘शिक्षकच’ व्हावं लागेल, इंजिनीअरिंगला जा, असं घरचे म्हणतात, हे खरं का, असं तुम्ही विचारलंय. हा ‘च’ मी माझ्या मामांकडून पदवीची सगळी वर्षं ऐकलाय. मामा स्वतः इंजिनीअर. चांगले गुण असताना मी ते वाया घालवतेय, असं त्यांचं ठाम मत होतं. ‘लंबक हलवून कुणाचं पोट भरत नाही,’ हे ते चारचौघांत म्हणायचे आणि आई खाली मान घालून बसायची. ते मला अजून विसरता आलेलं नाही.

तर उत्तर: नाही. मी रेडिओथेरपी म्हणजे किरणोपचार विभागात मेडिकल फिजिसिस्ट आहे. कर्करोगाच्या रुग्णाला किती डोस द्यायचा ते डॉक्टर ठरवतात. मशीनमधून तेवढाच डोस आणि नेमक्या जागी पडतोय ना, हे बघणं माझं काम. माझ्याबरोबर शिकलेल्यांपैकी कुणी हवामानाच्या मॉडेलवर काम करतं, कुणी चिपच्या कारखान्यात आहे, एकजण बँकेत जोखमीची गणितं करतो. दोघी शाळेत शिकवतात आणि उत्तम शिकवतात.

पण नोकऱ्यांची यादी तुम्हाला कुठेही मिळेल. मला एका सकाळबद्दल सांगायचंय.

महिन्याचं आउटपुट मोजायचं होतं. पाण्याच्या टाकीत आयन चेंबर, म्हणजे किरण मोजणारी हवेची छोटी पोकळी, ठेवायचा, ठरावीक किरण सोडायचे आणि मशीन नेमून दिलेला डोस देतंय का ते पाहायचं. त्या दिवशी आउटपुट चार टक्के कमी आलं. आमची मर्यादा दोन टक्क्यांची. पुन्हा मोजलं, तेच. मशीनची देखभाल करणारे इंजिनीअर तिथेच होते. ते म्हणाले, आउटपुट घसरलंय, वर करून देतो, पंधरा मिनिटांचं काम आहे. बाहेर रुग्ण ताटकळत बसलेले, वरून फोनवर फोन. मी म्हटलं, मशीनला हात लावायचा नाही.

मला खटकत होतं ते एवढंच, की रोज सकाळी जी झटपट तपासणी होते तिच्यात कालपर्यंत काहीच दिसलं नव्हतं. रातोरात चार टक्के कसे गेले? मग एकेक आकडा मागे नेत गेले. हा चेंबर हवेला उघडा असतो. हवा विरळ असली की आत आयन कमी तयार होतात आणि रीडिंग कमी येतं, म्हणून तापमान आणि हवेचा दाब मोजून दुरुस्ती करावी लागते. वहीत दाब लिहिला होता १०१२ हेक्टोपास्कल. तो वाचला आणि मी थेट पदवीच्या दुसऱ्या वर्षात जाऊन पोचले.

आमच्या प्रयोगशाळेत फॉर्टिनचा वायुदाबमापक होता. खालच्या हस्तिदंती टोकाला पाऱ्यातलं त्याचं प्रतिबिंब टेकेपर्यंत स्क्रू फिरवायचा आणि मग वर व्हर्निअर वाचायचा. मला पाऱ्याची उंची ७२९ मिलिमीटर मिळाली. पुस्तकात ७६० होते. मी जर्नलमध्ये ७५८ लिहून टाकले. मॅडमनी पान उघडलं, उपकरणापाशी गेल्या, स्वतः वाचलं आणि माझ्या आकड्यावर लाल रेघ मारली. ‘आपण समुद्रकिनाऱ्यावर बसलोय का?’ एवढंच विचारलं. शहर समुद्रसपाटीपासून साडेतीनशे मीटर उंच आहे. साधारण आठ-साडेआठ मीटर वर गेलं की दाब एका हेक्टोपास्कलने उतरतो. हवामानाच्या बातमीतला दाब समुद्रसपाटीला आणून सांगितलेला असतो, म्हणजे गावोगावचे आकडे एकमेकांशी ताडता येतात. तो प्रयोग मला पुन्हा करायला लागला. मी त्या वेळी रडले होते.

माझं रुग्णालय त्याच शहरात आहे. आमचा दाबमापक त्या आठवड्यात कॅलिब्रेशनला गेला होता आणि सहकाऱ्याने मोबाइलवरच्या हवामानाच्या ॲपमधला दाब उतरवून घेतला होता. खरा दाब ९७२च्या आसपास, म्हणजे पाऱ्याचे तेच ७२९ मिलिमीटर. तो घालून गणित केलं आणि आउटपुट मर्यादेत बसलं. मशीन ठणठणीत होतं. ‘वर करून’ दिलं असतं तर प्रत्येक रुग्णाला चार टक्के जास्त डोस गेला असता. डोस ग्रे या एककात मोजतात; ६० ग्रेच्या उपचारात ते २.४ ग्रे होतात, म्हणजे रोजच्या २ ग्रेच्या एका मात्रेहून जास्त. आणि मशीनच्या पडद्यावर सगळं हिरवंच दिसलं असतं.

पदवीत हेच मिळतं. आकडा दिसला की तो कुठून आला हे विचारल्याशिवाय हात पुढे जात नाही. माझं स्पष्ट मत आहे की ही सवय क्लासमध्ये लागत नाही, सोडवलेल्या प्रश्नसंचांतूनही लागत नाही. कंटाळवाण्या प्रॅक्टिकलमध्ये, चुकलेल्या रीडिंगपाशी उभं राहूनच लागते. मामा ज्याला लंबक हलवणं म्हणायचे, ते हेच.

आणि शिक्षक झालं तर बिघडलं काय? ॲलन कॉर्मॅक केप टाउनच्या विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवत होते. १९५६मध्ये तिथल्या रुग्णालयात काही काळ भौतिकतज्ज्ञाचं काम त्यांच्याकडे आलं. शरीरात कुठे किती किरण शोषले जातात हे बाहेरून कसं काढायचं, हा प्रश्न त्यांना तिथे पडला. त्याचं गणित त्यांनी १९६३ आणि १९६४मध्ये छापलं, तेव्हा फारसं कुणी विचारलं नाही. १९७९मध्ये सीटी स्कॅनसाठी त्यांना वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. ते विभागून मिळालं, आणि दुसरे मानकरी हाउन्सफील्ड इंजिनीअर होते. मशीन त्यांनी बांधलं. एवढं मामांच्या बाजूने मान्य करते.

आता जे आधी सांगायला हवं होतं ते. नुसत्या पदवीवर माझी नोकरी मिळत नाही. पुढे पदव्युत्तर शिक्षण लागतं, त्यानंतर रुग्णालयात देखरेखीखाली प्रशिक्षण. नियम देशागणिक वेगळे आहेत, ते आधी बघा. संशोधनात जायचं तर पीएच.डी.नंतरही कायमची जागा मिळेपर्यंत बरीच वर्षं जातात, आणि अनेकांना ती मिळतही नाही. गणिताचा कंटाळा असेल तर या वाटेला जाऊ नका, तिसऱ्या वर्षाचं क्वांटम झेपणार नाही. प्रोग्रॅमिंग पहिल्या वर्षापासून शिका. बँकेतल्या मित्राला नोकरी त्यावरच मिळाली.

कॉलेज निवडताना प्रयोगशाळेत जा आणि दोन-चार विद्यार्थ्यांची जर्नलं बघायला मागा. सगळ्यांची उत्तरं पुस्तकाशी तंतोतंत जुळत असतील, तर तिथे प्रवेश घेऊ नका.