गाडीचा ऑक्सिजन सेन्सर खरंच खराब झालाय हे बदलण्याआधी कसं ओळखायचं?

तुमची २०१५ ची चार सिलिंडरची पेट्रोल गाडी आहे. चेक इंजिनचा दिवा लागला, स्कॅनरवर पी०१३१ कोड आला, गॅरेजमध्ये पुढचा ऑक्सिजन सेन्सर बदलला आणि आठवडाभरात तोच कोड परत आला. आता मागचाही बदला म्हणताहेत, आणि तुम्ही विचारताय की सेन्सर खरंच गेलाय हे घरी कसं तपासायचं.

मागचा सेन्सर बदलू नका. पी०१३१ हा कोड बँक १, सेन्सर १ चा, म्हणजे धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या (कॅटच्या) आधी बसलेल्या पुढच्या सेन्सरचा आहे. मागच्याचं मुख्य काम कॅटवर लक्ष ठेवणं. तो गेला तर पी०१३६ किंवा पी०१४१ असले कोड येतात. त्याचा तुमच्या तक्रारीशी संबंध नाही.

मी गाड्यांच्या वायरिंगचं आणि स्कॅनिंगचं काम करतो. लोकांचे सगळ्यात जास्त पैसे मी या एका पार्टवर वाया जाताना बघतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पी०१३१ चा अर्थ 'सेन्सर खराब' असा नाही. सेन्सरकडून येणारं व्होल्टेज बराच वेळ कमी राहिलंय, एवढंच ईसीयू (इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर) सांगतोय. व्होल्टेज कमी म्हणजे सायलेन्सरमधल्या धुरात ऑक्सिजन जास्त, म्हणजे मिश्रण लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी). आता नवा सेन्सर लावूनही तोच कोड आला, तर जुना सेन्सर बहुधा खरं बोलत होता.

हा सेन्सर चालतो कसा ते थोडक्यात. आत झिर्कोनियाचा सिरॅमिक तुकडा असतो. एका बाजूला धूर, दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा. दोन्हीकडच्या ऑक्सिजनच्या फरकावर तो स्वतः व्होल्टेज तयार करतो. मिश्रण रिच (पेट्रोल जास्त) असेल तर साधारण ०.८ ते ०.९ व्होल्ट, लीन असेल तर ०.१ च्या आसपास, आणि मधली रेघ ०.४५ ची. साधारण ३०० ते ३५० अंशांच्या वर तापला की मगच तो नीट काम करतो, म्हणून आत हीटर दिलेला असतो. १९७६ मध्ये बॉशने हा सेन्सर बाजारात आणला, त्याचं मूळ तत्त्व आजही तेच आहे. महत्त्वाची गोष्ट अशी की तो पेट्रोल मोजत नाही, फक्त ऑक्सिजन मोजतो. एखादा सिलिंडर मिसिंग करत असेल तर त्यातलं पेट्रोल जळत नाही, पण ऑक्सिजनही जळत नाही. तो तसाच सायलेन्सरमध्ये येतो आणि सेन्सर सांगतो 'लीन'. ईसीयू बिचारा आणखी पेट्रोल सोडतो.

एक्झॉस्ट मॅनिफोल्डचा, म्हणजे सिलिंडरांमधला धूर गोळा करणाऱ्या पाइपांचा, गॅस्केट फुटला तरी हेच होतं. तुम्ही म्हणाल, लीक असेल तर धूर बाहेर येईल, हवा आत कशी जाईल? धूर सलग वाहत नाही, झटक्यांनी येतो. दोन झटक्यांच्या मधे पाइपात क्षणभर दाब पडतो आणि त्या फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. ती सेन्सरच्या अलीकडे शिरली की सेन्सर फसतो. आयडलिंगवर (इंजिन चालू, ॲक्सिलरेटर सोडलेला) हे जास्त दिसतं, कारण तेव्हा धूर कमी असतो.

आता तपासणी. ब्लूटूथचा साधा ओबीडी डोंगल (गाडीच्या स्कॅनिंग सॉकेटमध्ये लावायचा) आणि मोबाइलवरचं ॲप असलं तरी पुरतं. इंजिन पूर्ण गरम करा. बंद पार्किंगमध्ये गाडी चालू ठेवू नका, कार्बन मोनॉक्साइडचा वास येत नाही. ॲपमध्ये चार आकडे उघडा: पुढच्या सेन्सरचं व्होल्टेज, मागच्या सेन्सरचं व्होल्टेज, शॉर्ट टर्म फ्यूएल ट्रिम आणि लाँग टर्म फ्यूएल ट्रिम. ट्रिम म्हणजे ईसीयू ठरलेल्यापेक्षा किती टक्के पेट्रोल जास्त किंवा कमी सोडतोय. प्लस म्हणजे जास्त. दोन्हींची बेरीज १० टक्क्यांच्या आत असेल तर काळजी नाही. ई२० पेट्रोलमुळे ती तीन-चार टक्के प्लसला सरकणं साहजिक आहे, कारण इथेनॉलला हवा कमी लागते, म्हणजे तेवढ्याच हवेला इंधन जास्त सोडावं लागतं.

आधी आयडलिंगवर आकडे लिहून घ्या, मग २,५०० आरपीएमला धरून पुन्हा लिहा. आयडलिंगवर ट्रिम खूप प्लस आणि रेस केल्यावर उतरत असेल, तर कुठूनतरी फुकटची हवा येतेय. उलट आयडलिंगवर ठीक आणि चढावर किंवा ओव्हरटेक करताना वाढत असेल, तर पेट्रोल कमी पडतंय: पंप, फिल्टर, इंजेक्टर बघा. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या गाड्यांत हवा मोजणारा एमएएफ सेन्सर नसतो, इनटेकमधला दाब मोजणारा मॅप सेन्सर असतो. त्या गाड्यांत इनटेकची नळी फाटली तर ट्रिम फारशी हलत नाही, नुसतं आयडल चढतं. म्हणून अशा गाडीत आयडल नॉर्मल आणि ट्रिम चढलेली दिसली की माझं लक्ष आधी सायलेन्सरच्या बाजूला जातं.

त्यानंतर मागच्या सेन्सरकडे बघा. इथे बहुतेक वेळा निकाल लागतो. गेल्या पावसाळ्यात एक हॅचबॅक आली होती, तक्रार तुमच्यासारखीच. आयडलिंगवर पुढचा सेन्सर ०.१ ते ०.२ मध्ये अडकलेला, लाँग टर्म ट्रिम प्लस २१, आणि मागचा सेन्सर मात्र ०.७८ वर शांत बसलेला. पुढचा म्हणतो लीन, मागचा म्हणतो रिच. मिश्रण खरंच लीन असतं तर दोघेही खाली असते. प्लग काढले तर काळे, मालकाची तक्रारही ॲव्हरेज पडल्याची. २,५०० ला धरल्यावर ट्रिम प्लस ६ वर आली. मॅनिफोल्डवरचं पत्र्याचं कव्हर काढलं तेव्हा गॅस्केटच्या कडेला पेन्सिलने ओढावी तशी काजळीची बारीक रेघ होती. गॅस्केट बदलला, फ्लँजचे नट नीट आवळले, आणि तोच सेन्सर पुन्हा ०.१ ते ०.९ असा छान खेळायला लागला.

लीक शोधायचं असेल तर सकाळी थंड गाडी सुरू करून पहिल्या मिनिटात मॅनिफोल्डजवळ कान द्या. बारीक फस-फस किंवा टक-टक येईल. धातू तापून फुगला की फट बुजते आणि आवाज जातो, म्हणून दुपारी गॅरेजमध्ये तो कुणाला ऐकू येत नाही. दुसऱ्या माणसाला सायलेन्सरच्या तोंडाशी जाड ओलं फडकं दोन-तीन सेकंद धरायला सांगा, म्हणजे फटीचा आवाज वाढतो. आणि कार्ब क्लीनरचे फवारे मारून लीक शोधू नका, निदान गरम मॅनिफोल्डच्या आसपास तरी नको. पेट घेतो.

आता खुद्द सेन्सरची परीक्षा. इंजिन गरम असताना ॲक्सिलरेटर झटकन दाबा. मिश्रण क्षणभर रिच होतं, व्होल्टेज ०.८ च्या वर उडी मारायला हवं. सोडून द्या, ईसीयू पेट्रोल तोडतो, व्होल्टेज ०.१ च्या खाली यायला हवं. दोन्हीकडे गेला तर सेन्सर जिवंत आहे, कोडचं कारण दुसरीकडे शोधा. काहीही केलं तरी जागचा हलत नसेल, किंवा ०.३ ते ०.६ मध्येच घुटमळत असेल, तर मात्र तो गेला. फक्त पी०१३३, म्हणजे 'सेन्सर मंद', हा कोड असेल तर स्वस्त डोंगलवर निकाल देऊ नका. तो सेकंदाला मोजकेच आकडे पाठवतो. सेन्सर मंद की डोंगल मंद, हे त्यावर कळत नाही.

पी०१३१ साठी आणखी एक चाचणी आहे. इंजिन बंद, फक्त चावी ऑन, आणि सेन्सरचा कपलर (वायरींचा जोड) सोडा. बऱ्याच गाड्यांत ईसीयू स्वतः त्या वायरवर ०.४५ च्या आसपास व्होल्टेज ठेवतो. कपलर काढल्यावर ॲपवर ०.४५ आलं तर वायर ठीक आहे. तरीही शून्यच दिसत असेल तर सिग्नलची वायर कुठेतरी बॉडीला टेकली आहे. पावसाळ्यात उंदीर इंजिनखोलीत शिरतात आणि वायरी कुरतडतात. दिव्याचं कारण तेवढंच निघाल्याचं मी बघितलंय.

मल्टिमीटर लावणार असाल तर दोन गोष्टी पाळा. सेन्सरच्या वायरला टाचणी टोचू नका, कपलरच्या मागून बारीक पिन सरकवा. आणि जोड द्यायची वेळ आली तर सोल्डर करू नका, कपलरमध्ये ग्रीसही भरू नका. बऱ्याच सेन्सरना बाहेरची हवा वायरीच्या तारांमधूनच मिळते. ती वाट बंद झाली तर चांगला सेन्सरही चुकीचं सांगतो. तुमच्या नव्या सेन्सरला जुना कपलर कापून जोडलाय का, हे जाऊन बघा. मीटर व्होल्टवरच ठेवा, सिग्नलच्या दोन वायरींवर ओहम कधीही मोजू नका. ओहम फक्त हीटरच्या दोन वायरींवर मोजायचे. चार वायरींच्या सेन्सरमध्ये त्या बहुतेक एकाच रंगाच्या असतात. थंड असताना काही ओहम यायला हवेत, काहीच आलं नाही तर हीटर तुटला. पण हीटरचा कोड पी०१३५ आहे. तो आला तरी आधी फ्यूज बघायचा.

जुना सेन्सर तुमच्याकडे असेल तर त्याचं टोक बघा. काळी काजळी म्हणजे रिच चाललेली गाडी. पांढरट भुकटी असेल तर सिलिकॉन सीलंटचा संशय घ्या. अलीकडे इंजिनचं काम झालंय का आणि कुणी भरमसाट सीलंट लावलंय का, हे विचारा. तसं असेल तर नवा सेन्सरही जाईल.

सीएनजी किट आहे का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. बाहेरून बसवलेलं सीक्वेन्शियल किट पेट्रोलच्या ईसीयूचंच इंजेक्शन टाइमिंग वाचून गॅस सोडतं. किटचं ट्यूनिंग बिघडलं की ट्रिम पार भरकटते आणि असलेच कोड येतात. किट असेल तर कोड उडवून काही दिवस निव्वळ पेट्रोलवर चालवून बघा.

शिवाय तुमच्या गाडीला वाइडबँड सेन्सर असेल, साधारण पाच वायरींचा, तर वरचे व्होल्टचे आकडे त्याला लागू नाहीत. ॲपमध्ये थेट लॅम्ब्डा बघा, म्हणजे हवा-पेट्रोलचं प्रमाण; १ म्हणजे बरोबर, जास्त म्हणजे लीन. आयडलिंगवर १ च्या आजूबाजूला हवा.

गॅरेजमध्ये जाल तेव्हा फक्त एवढं सांगा: आधी एक्झॉस्ट लीक तपासा, मग प्लग आणि कॉइल, मग वायरिंग. दुरुस्तीनंतर कोडबरोबर ट्रिमही रीसेट करून घ्या आणि काही दिवस नेहमीच्या रस्त्यावर चालवा. त्याआधी ते चार आकडे, आयडलिंगवरचे आणि २,५०० आरपीएमचे, इथे प्रतिसादात लिहिलेत तर पुढे कुठे बघायचं ते मी सांगतो.