तोंडी लावायला काय?

पोरी,

तुझा मेसेज वाचला. ‘खायलाच हवेत असे भारतीय पदार्थ’ अशी कसलीशी यादी घेऊन तू बंगळूर पालथं घातलंस, निम्म्याहून जास्त पदार्थ खाऊन झाले, आणि आता विचारतेस, काकू, कशाचीच गोडी लागेना, माझ्या जिभेतच काही खोट आहे का? जिभेला काय धाड भरलीय! बारावीच्या क्लासला असताना सांगलीच्या विश्रामबागेत माझ्या खानावळीत ताट चाटूनपुसून उठायचीस, ते मी पाहिलंय. खोट त्या यादीत आहे. यादीत पदार्थ एकेकटा लिहिलेला असतो आणि तू तो तसाच एकेकटा खातेस.

बिहारच्या लिट्टीचंच घे, कणकेचा भाजलेला गोळा तो. ‘कोरडी होती, घशाखाली उतरेना’ म्हणतेस. कागदी द्रोणात दोन लिट्ट्या आणि शेजारी टोमॅटो सॉस, उतरेल कशी? लिट्टीच्या पोटात सत्तू असतं, भाजक्या हरभऱ्याचं पीठ. म्हणून ती तुपात बुडवायची आणि चोख्याबरोबर खायची. चोखा म्हणजे निखाऱ्यावर भाजलेलं वांगं, टोमॅटो, बटाटा एकत्र कुस्करून त्यात लसूण, हिरवी मिरची आणि वरून कच्चं मोहरीचं तेल. तू चोखा खाल्ला नाहीस, म्हणजे लिट्टीही खाल्ली नाहीस. पुन्हा खा. कुठंही गेलीस तरी आधी विचारायचं, याला तोंडी लावायला काय असतं?

आता तुझी ती दिल्लीची मैत्रीण. तिला हौसेनं भाकरी खायला नेलंस, तीही पनीरच्या भाजीबरोबर, आणि ती ‘ड्राय’ म्हणाली म्हणून रुसलीस. ती खरंच बोलली की! ज्वारीत ग्लुटेन नाही, म्हणून पीठ गरम पाण्यात मळावं लागतं. पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, गेली असेल तर थापतानाच कडा फाटतात. नीट जमली तरी गार झाल्यावर ती कडक होणारच. ज्या बायकांनी जन्मभर भाकऱ्या थापल्या त्यांना हे पक्कं ठाऊक होतं, म्हणून त्यांनी तिच्या शेजारी ओलं, तेलकट, आंबट, झणझणीत असं काही ना काही बसवलं. शेंगदाण्याच्या चटणीवर कच्च्या तेलाची धार, दह्यात कालवलेला खर्डा, पातळ पिठलं, दाण्याच्या कुटाचा म्हाद्या, बुक्कीनं फोडलेला कांदा. इस्लामपूर-कराडकडच्या ढाब्यांवर अख्खा मसूरसुद्धा कांदा-लिंबाशिवाय कुणी पुढ्यात ओढत नाही. मिरजेच्या मेडिकलचा एक मुलगा जेवता जेवता मला सांगायचा, ज्वारीत लायसिन, म्हणजे प्रथिनाचा एक घटक, कमी असतं आणि कडधान्यात भरपूर, दोन्ही मिळून प्रथिनं पुरी होतात. तो हे सांगत असायचा तेव्हा मी त्याच्या ताटात मटकी वाढत असायचे. शास्त्र त्याच्याकडून कळलं, वाढायचं कसं ते सासूबाईंकडून.

म्हणूनच मी खानावळीत सुटा पदार्थ कधी विकला नाही. ‘काकू, नुसती आमटी पार्सल द्या’, ‘नुसत्या दोन पोळ्या द्या’, रोजची कटकट. नाही म्हणजे नाही. होळीला कटाची आमटी घेतल्याशिवाय पुरणपोळी मिळायची नाही. पुरणाच्या डाळीचं निथळलेलं पाणी, त्यात चिंच, गूळ, काळा मसाला. ती तिखट-आंबट आमटी मध्ये भुरकली की गोडाचा उबग येत नाही, माणूस आणखी एक पोळी मागतो. पोरं कुरकुरली. काही पलीकडच्या मेसला गेली, तिथं रोज पनीर असायचं. माझा मुलगा अजून म्हणतो, आई, तुझ्या हट्टापायी खानावळ बुडाली. बुडाली नाही. गुडघे गेले म्हणून बंद केली. आणि हट्टानं चार गिऱ्हाइकं गेली असतील तर जाऊ देत, राहिलेली नीट जेवली. पनीरवर माझा राग नाही गं. तंदूर आणि बटरच्या ग्रेव्हीचं जेवण १९४७ नंतर पंजाबी निर्वासितांनी दिल्लीत हॉटेलं काढली तिथून देशभर गेलं, कष्टानं उभं केलेलं आहे ते. पण त्याच पंजाबी घरात थंडीच्या दिवसांत मक्याची रोटी, सरसोंचा साग, वर लोणी आणि बाजूला गूळ असतो. ते खाल्लंस का? ते यादीत असेल, पण जोडीनं नसेल.

एक बंगाली पोरगा होता. पहिल्याच दिवशी ताट बघून म्हणाला, कडू काही नाही? मला असा राग आला! मग त्यानं समजावलं. त्यांच्याकडे दुपारचं जेवण कडूनं सुरू होतं, आधी शुक्तो, त्यात कारलं. मग डाळ-भाजी, मग मासा, मग गोडसर चटणी, आणि सगळ्यात शेवटी मिठाई. आपल्याकडे पानात सगळं एकदम येतं, डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाजी-आमटी. त्यांच्याकडे एकामागून एक. म्हणजे जोड शेजारीच बसते असं काही नाही, ती आधी येते किंवा मागून येते. दुसऱ्या दिवशी त्याला कारल्याची भाजी आधी वाढली. त्यानं पुढं लग्नाला बोलावलं, आईच्या हातचा शुक्तो खायला या म्हणाला. खानावळ कुणावर टाकून जाणार? राहिलं. कुठकुठल्या पोरांना जेवू घातलं, पण त्यांच्या आयांच्या पंगतीला एकदाही बसले नाही. ते खुपतं मला. आणि तू, हातात पगार, पाय धड, शेजारी चार राज्यांच्या मुली, तरी मोबाइलात बघून एकटीच खातेस. चिडू नको तर काय करू?

हंगामाचंही तेच. मे महिन्यात उंधियू मागायचा नाही, त्यातल्या सुरती पापडीच्या शेंगा थंडीतल्या. हिल्सा मासा पावसाळ्यात. हुरडा पौषात, शेतात, आगटीपाशी बसून, लसणाच्या चटणीबरोबर. पाकिटातला आणून खाल्लास तर मला सांगूसुद्धा नकोस.

आणि ते ‘अस्सल’चं खूळ डोक्यातून काढ. मिरची, बटाटा, शेंगदाणा, तिन्ही मूळची अमेरिका खंडातली. शेंगदाणा यायच्या आधी आपल्या चटण्या तीळ, जवस आणि कारळ्याच्या होत्या, त्या अजूनही आहेत. आपल्या सातारच्या कोरेगावचा वाघ्या घेवडा उत्तरेत राजमा म्हणून जातो. तुझ्या मैत्रिणीच्या घरी तो भाताबरोबर खात असतील, आपण कांदा-लसूण मसाला घालून भाकरीबरोबर खातो. यात अस्सल कोण ठरवणार तू? तिला एकदा घरी बोलाव, भाकरी तव्यावरून थेट तिच्या ताटात वाढ, आणि मी पाठवलेली शेंगदाण्याची चटणी डब्यात झाकून ठेवली असशील ती बाहेर काढ. तेल घालायला विसरू नकोस.

शेवटचं. तुझ्या खोलीवरच्या मल्याळी मुलीनं ओणमला गावी बोलावलंय आणि तू ‘बघू’ म्हणालीस. बघू काय? रजा टाक. केळीच्या पानावर आधी लोणची, इंजिपुळी म्हणजे आलं-चिंचेची चटणी, केळ्याचे तळलेले काप येतील. त्यांचे फोटो काढत बसू नकोस. भात आला की पहिल्यांदा परिप्पू, म्हणजे घट्ट वरण, आणि तूप, मग सांबार, मध्येमध्ये अवियल, तोरन या खोबरं घातलेल्या भाज्या. काय कशाशी खायचं हे तिच्या आईला विचार, लाजू नकोस. वाढणाऱ्या बाईला या प्रश्नाचा कधी कंटाळा येत नाही, हे मी सांगते. आणि पायसम, म्हणजे त्यांची खीर, आलं म्हणून लगेच पान मिटू नकोस, मागून पुन्हा थोडा भात आणि ताक येतं. तेवढी जागा ठेव. जेवण झालं की फोन कर, पण चारनंतर. दुपारी मी झोपलेली असते.

तुझी
खानावळवाल्या काकू