कंपाउंड बोचा वरचा कॅम खालच्याआधी स्टॉपला लागतो. घरी जुळवता येईल का?

तुमच्या प्रश्नाचा मुद्दा असा: मुलीचा कंपाउंड बो (धनुष्य) दोन कॅमचा, म्हणजे दोन्ही टोकांना फिरणाऱ्या चाकांचा आहे, आणि तो ओढायला 50 पौंड लागतात. पूर्ण ओढल्यावर वरच्या कॅमचा स्टॉप, म्हणजे कॅमला थांबवणारी खुंटी, आधी केबलला टेकतो, खालचा मागाहून. शेवटची भिंत, म्हणजे स्ट्रिंग जिथून पुढे ओढली जात नाही ती जागा, तिला मऊ लागते, बाण वर-खाली पडतात आणि जवळपास दुकान नाही. घरी जुळवता येतं. ड्रॉ बोर्ड (बो हळूहळू ओढून धरायची फळी) घरी बनवता येतो, बो प्रेस (लिम्ब, म्हणजे बोचे वाकणारे हात, दाबून ताण काढायचं यंत्र) मात्र बनवू नका. बाकी सगळं या दोन साधनांच्या मध्ये येतं.

आधी नेमकं काय चाललंय ते बघू. स्ट्रिंग ओढली की ती कॅमवरून उलगडते, आणि त्याच वेळी केबल कॅमच्या दुसऱ्या खाचेत गुंडाळली जाऊन समोरच्या लिम्बला आत खेचते. म्हणजे कॅमला पुढे फिरवते स्ट्रिंग आणि मागे धरून ठेवते केबल. एका कॅमची केबल ताणून थोडी जरी लांब झाली, तरी तो कॅम सुरुवातीपासूनच पुढे फिरलेला असतो आणि स्टॉपला आधी पोचतो. म्हणून नियम सोपा आहे: जो कॅम आधी लागतो, त्याच्या खाचेत गुंडाळल्या जाणाऱ्या केबलला पीळ वाढवायचा, किंवा मागे राहणाऱ्या कॅमच्या केबलचा पीळ कमी करायचा.

या दोनपैकी काय करायचं? इथेच बहुतेक लोक अंदाजाने हात घालतात, आणि मग ओढण्याचं वजन, ड्रॉ लेंग्थ (ओढीची लांबी), पीप (स्ट्रिंगमधलं नेम धरायचं भोक) सगळंच हलतं. उत्तर मोजमापात मिळतं. लिम्बवरच्या स्टिकरवर किंवा कंपनीच्या तक्त्यात दोन आकडे असतात: एका अॅक्सलच्या (कॅम ज्यावर फिरतो त्या दांड्याच्या) मध्यापासून दुसऱ्या अॅक्सलच्या मध्यापर्यंतचं अंतर, आणि ब्रेस हाइट, म्हणजे ग्रिपच्या सर्वांत खोल जागेपासून स्ट्रिंगपर्यंत काटकोनात मोजलेलं अंतर. स्टीलच्या टेपने दोन्ही मोजा. कापडी टेप नको. हे आकडे लिम्ब बोल्ट (लिम्ब मधल्या दांड्याला कसणारे बोल्ट) पूर्ण कसलेले असतानाचे असतात, म्हणून आधी दोन्ही बोल्ट किती आटे सुटलेले आहेत ते मोजून ठेवा. वरचा आणि खालचा सारखेच सोडलेले आहेत ना, हेही बघा. एक बोल्ट अर्धा आटा जास्त सुटलेला असेल तर तुम्ही टायमिंग (दोन्ही कॅम एकाच वेळी फिरणं) समजून दुसऱ्याच दोषाशी झगडत बसाल.

अॅक्सलमधलं अंतर आकड्यापेक्षा जास्त आणि ओढण्याचं वजन कमी भरत असेल, तर केबल ताणली आहे. अशा वेळी वरच्या कॅमच्या केबलला पीळ द्या. अंतर आकड्यापेक्षा कमी आणि वजन जास्त असेल, तर खालच्या कॅमच्या केबलचा पीळ सोडा. दोन्ही आकडे बरोबर असतील तर अर्धं काम एका केबलवर आणि अर्धं दुसरीवर करा. वजन मोजायला बॅगा तोलायचा 50 किलोचा डिजिटल काटा पुरतो. सर्वांत जास्त भाराचा आकडा धरून ठेवणारा काटा घ्या. 50 पौंड म्हणजे साधारण 22.7 किलो. स्पर्धेत कंपाउंडची कमाल मर्यादा 60 पौंड, म्हणजे 27.2 किलो आहे. पीळ देता देता त्या रेषेच्या पुढे जाऊ नका.

आता ड्रॉ बोर्ड. पाचेक फुटांची जाड, न वाकणारी फळी घ्या. एका टोकाला रबर किंवा चामडं गुंडाळलेला मजबूत खुंट बसवा, त्यावर ग्रिपचा गळा टेकतो. दुसऱ्या टोकाला ब्रेक असलेला हाताने फिरवायचा विंच लावा. पट्टा किंवा दोरी बो ओढण्याच्या वजनाच्या कितीतरी पट भार पेलणारी हवी, 100 किलोच्या खालची नको. बो आडवा ठेवून हुक डी-लूपमध्ये (स्ट्रिंगवर बांधलेल्या दोरीच्या छोट्या फासात) अडकवा. त्याआधी डी-लूपच्या दोन्ही गाठी नखाने ओढून बघा आणि टोकं वितळवून फुगवलेली आहेत ना ते तपासा. रायझर (बोचा मधला दांडा) गोल फिरू नये म्हणून बाजूने एक आधार द्या. हळूहळू विंच फिरवा, आणि सोडतानाही विंचनेच हळूहळू सोडा. खटका उचलून मोकळा केलात तर तो ड्राय फायर होतो: बाण नसल्याने सगळी ऊर्जा लिम्ब आणि कॅममध्येच शिरते आणि त्यात कॅम वाकणं, स्ट्रिंग उडणं, लिम्ब चिरणं काहीही होऊ शकतं. डोळ्यांना चष्मा लावा आणि स्ट्रिंगच्या रेषेत कोणी उभं राहू नये.

स्टॉप कधी लागतो हे डोळ्यांनी ठरवू नका. वहीच्या कागदाची बोटभर रुंद पट्टी वरच्या स्टॉप आणि केबलच्या फटीत धरा, दुसरी खालच्या फटीत. विंच एकेक दात पुढे घेत दोन्ही पट्ट्या हलकेच ओढत राहा. ज्या क्षणी वरची पट्टी अडकते, तिथेच थांबा. खालची अजून सैल सरकत असेल, तर तिथल्या फटीत गॅरेजमधलं फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्यांचा संच) घालून किती अंतर आहे ते मोजा आणि लिहा. ते अंतर शून्याकडे आणणं हेच तुमचं काम आहे. दोन्ही पट्ट्या अडकल्यावर पुढे आणखी विंच फिरवू नका. स्टॉप केबलवर दाबला जाऊन सर्विंग (केबलवर गुंडाळलेलं दोऱ्याचं वेष्टण) कापलं जातं. लिम्बला टेकणारे स्टॉप असतील तर पट्टी स्टॉप आणि लिम्बच्या मध्ये धरा.

पुढचं काम प्रेसशिवाय नाही. कॅमवरून केबलचं टोक काढायचं तर लिम्ब दाबून सगळा ताण काढावाच लागतो. दोन माणसांनी पाय लावून, दोरी बांधून, कारच्या जॅकने असले प्रकार करू नका. आजच्या बोंचे लिम्ब जवळजवळ समांतर असतात, त्यांना टोकाजवळ धरणारा प्रेस लागतो. छोटा पोर्टेबल प्रेस चालतो, पण तुमच्या लिम्बला बसणारे ब्रॅकेट असतील तरच. दोन पट्ट्यांच्या (स्प्लिट) लिम्बला अखंड लिम्बचे ब्रॅकेट लावले तर लिम्बची कड चिरते. प्रेस विकत घेणं परवडत नसेल तर जवळच्या क्लबमध्ये विचारा. सातारा, नागपूर, बुलढाणा, अमरावती या भागांत धनुर्विद्येची केंद्रं आहेत. 2023 मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत अदिती स्वामी आणि ओजस देवतळे यांनी कंपाउंडमध्ये वैयक्तिक सुवर्ण जिंकलं, आणि 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये कंपाउंडची मिश्र सांघिक स्पर्धा आहे. महाराष्ट्रातल्या मुलांच्या हाती कंपाउंड येत असताना तालुक्यागणिक एक तरी प्रेस असायला हवा असं मला मनापासून वाटतं.

प्रेसवर घालण्याआधी लिम्ब बोल्टच्या बाजूचे लॉक स्क्रू सैल करा. बोल्ट मॅन्युअलमध्ये सांगितलेत तेवढेच आटे सोडा, आणि दोन्ही बाजूंनी सारखे. रुपेरी मार्करने कॅमवर, केबल खाचेत शिरते तिथे, एक बारीक रेघ मारून घ्या. फोटोही काढा. प्रेस हळू आवळा. स्ट्रिंग आणि केबल दोन्ही कॅमच्या खाचेतून बाहेर सरकल्या नाहीत ना, यावर नजर ठेवा. ताण गेला की केबलचं एक टोक खुंटीवरून काढा आणि आधीच्या पिळाच्याच दिशेने अर्धा फेरा द्या. अर्धाच. केबलचं टोक वाय आकाराचं, दोन पायांचं असेल तर पीळ त्या पायांना नाही, दुसऱ्या टोकाला द्या. पायांची लांबी असमान झाली की कॅम एका बाजूला कलतो आणि मग बाण डावी-उजवीकडे जातो. टोक परत लावून प्रेस सोडा, बोल्ट पूर्वीइतके कसा, ड्रॉ बोर्डवर पुन्हा पट्टी लावा. फट वाढली, तर चुकीची केबल घेतली आहे. परत काढा. कमी झाली, तर पुढचा अर्धा फेरा.

तुमचा बो हायब्रिड कॅमचा निघाला, तर टायमिंग प्रामुख्याने कंट्रोल केबलवर (दोन्ही कॅमना एकमेकांशी जोडणाऱ्या केबलवर) जुळतं, आणि दुसरी केबल वजन आणि ड्रॉ लेंग्थवर जास्त परिणाम करते. एकाच कॅमच्या बोमध्ये दोन स्टॉप जुळवण्याचा प्रश्नच येत नाही. तिथे फक्त कॅमवरच्या कंपनीच्या खुणेशी केबल जुळवतात.

एका बैठकीत तीन-चार फेऱ्यांपेक्षा जास्त पीळ लागत असेल, तर थांबा. दोष दुसरीकडे आहे: सर्विंग सरकलंय, अॅक्सल वाकलाय, बेअरिंग घासलंय किंवा केबलच संपली आहे. कापसाचा बोळा लिम्बच्या कडेवरून फिरवा. धागा अडकला की चीर आहे, आणि चीर असलेला बो ओढायचा नाही.

नवी स्ट्रिंग-केबल असेल तर जुळवण्याची घाई नको. साधारण 100 ते 200 बाण मारून ती बसू द्या. पूर्ण डायनीमा असलेला धागा, उदाहरणार्थ 8190, वजनाला हलका आणि वेगवान. व्हेक्ट्रान मिसळलेला 452एक्स उन्हातान्हात लांबीला जास्त स्थिर राहतो, म्हणून मुलीसाठी मी तोच सुचवेन. विदर्भात मे महिन्यात बंद गाडीत बो ठेवलात तर मेण वितळतं, केबल ताणते आणि लिम्बचा थर सुटण्याचीही भीती असते.

स्टॉप एकत्र लागायला लागल्यावर पीप बघा. स्ट्रिंगला हात न लावताही तो किंचित फिरू शकतो. मग नॉक पॉइंट (स्ट्रिंगवर बाण अडकतो ती जागा), मग रेस्ट (बाण टेकतो तो आधार). याच क्रमाने. उलट क्रमाने केलं तर पहिलं केलेलं काम शेवटच्याने बिघडतं. ताणून लावलेल्या कागदातून दोन मीटरवरून बाण मारून कागद फोडा आणि तो कसा फाटतो ते बघा. वर-खाली फाटत असेल तर आता रेस्टची उंची हलवा, कॅम नाही.

शेवटचा बारकावा मुलीच्या हातात आहे. 18 मीटरवर पुठ्ठ्यावर आडवी जाड पट्टी लावा. सहा बाण भिंतीला घट्ट दाबून, सहा बाण भिंतीपासून किंचित सैल सोडून मारायला सांगा. दोन्ही गट त्या पट्टीवर एकाच उंचीला पडले तर टायमिंग तिच्या हाताला जुळलं. फरक दिसला तर एकाच केबलला अर्धा फेरा देऊन पुन्हा मारा. फरक कमी झाला तर तीच दिशा, वाढला तर उलटी. 50 मीटरवर 80 सेंटिमीटरच्या लक्ष्यात दहाचं वर्तुळ 8 सेंटिमीटरचं असतं. दमलेला हात किंचित सैल झाला तरी बाण त्यातच राहावा, यासाठी हा खटाटोप आहे, आणि काही वेळा ड्रॉ बोर्डवर एकदम एकत्र लागणारे स्टॉप तिच्यासाठी सर्वोत्तम नसतात. मग एक कॅम कागदाच्या जाडीइतका पुढे ठेवायला हरकत नाही.

सगळं झाल्यावर दोन्ही कॅमवरच्या रेघा नव्याने मारा आणि अॅक्सलमधलं अंतर, ब्रेस हाइट, वजन, प्रत्येक केबलला दिलेले फेरे हे तारखेसह लिहा. दर महिन्याला रेघ तपासा. रेघ सरकली की आधी तीच दोन अंतरं मोजा आणि मगच पाना हातात घ्या.